पंगतीतला अजगर

जानेफळला एका लग्नात जिलबी वाढताना माझ्या हातून एक पत्रावळ सुटली. चूक एवढीच. तिला आता सव्वीस वर्षं होतील आणि आमच्या घरात ती अजून कालच्यासारखी ताजी आहे.

तेव्हा मी शाळेत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. लग्न आमच्या शिपायाच्या मुलीचं, त्यामुळे सगळा स्टाफ वाढायला उभा. माझ्या हातात जिलबीची परात. बायकांच्या पंगतीत पिवळ्या साडीतली एक मुलगी बसली होती. तिच्यापाशी पोचलो आणि हात आपोआप सैल झाला. दोनाच्या जागी पाच जिलब्या पडल्या. तिनं वर पाहिलं. त्यानंतर मला पुढचं दिसेनासं झालं. तिच्या शेजारी निळ्या साडीत एक मुलगी बसली होती, तिला ओलांडून मी थेट पलीकडच्या म्हातारीला वाढायला लागलो.

मागून कोणीतरी माझं कोपर धरलं.

"बाबूजी, वापस जा. एक पत्रावळ सुटली."

हे आमचे सर. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शाळेबाहेर गावातल्या झाडून सगळ्या पंगती सांभाळायचे. मी परत गेलो. निळ्या साडीतल्या मुलीनं पत्रावळीवर आडवा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या. तिकडंच सरल्या असतीन."

पुढच्या वर्षी मी मेहकरला मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांचा ट्रे घेऊन तीच, निळ्या साडीतली, बाहेर आली. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. जाताना तिच्या भावानं मला बाजूला घेतलं. "ताईनं विचारायला लावलंय, तुमच्याकडून माणूस नेहमीच सुटतो, का त्याच दिवशी सुटला?" मी म्हणालो, त्याच दिवशी. तिनं विश्वास ठेवला. चुका काही माझ्याच हातून होतात असं नाही.

तर सर. उंच माणूस, पण कमरेत वाकलेला. वयामुळे नाही, पंगतीमुळे. आयुष्यभर ते माणसांकडे वरून, पत्रावळीच्या अंगानंच पाहत आले. एकदा मी त्यांना विचारलं होतं, की सर, तुम्ही वाढताना चेहऱ्यांकडे का बघत नाही. ते म्हणाले, "चेहरा पाह्यला का हात बिघडते. तुमचा बिघडला होता का नाही?"

ते स्वतः पंगतीत कधी बसले नाहीत. सगळ्या पंगती उठल्या की आचाऱ्याजवळ, पालथ्या घातलेल्या गंजाच्या भांड्यावर बसून, उरलेलं वरण आणि निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा रोडगा खायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, हे गावात तीन प्रकारे सांगितलं जाई आणि तिन्ही प्रकार ऐकून ते मान हलवत.

त्यांचं एक वाक्य होतं. "ज्याले बसवलं, त्याले वाढा. वाढणं होत नसन, तर बसवू नका." हे पंगतीपुरतं असतं तर ठीक होतं. पण सर ते सगळीकडे लावत. वर्गात एखाद्यानं देखावा काढला आणि कोपऱ्यात उगीच एक झाड ठोकलं, की विचारत, "हे झाड काऊन बसवलं? याले काय वाढलं? सावलीत कोणी बसलं हाये का? पक्षी हाये का? नाही ना? मंग त्याले उठव." पोरं खोडरबर घेऊन झाडं उठवत. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी स्टेजवर नऊ खुर्च्या पाहिल्या आणि कौतुक केलं, तर सर म्हणाले, भाषणं तीनच हायेत, बाकीचे सहा उपाशी बसतीन.

शाळेच्या गॅदरिंगचा एक किस्सा सांगतो, मग सर पूर्ण कळतील. रोडग्याचं जेवण होतं. पाहुण्यांच्या पंगतीत संस्थेचे अध्यक्ष बसले होते आणि शेवटच्या टोकाला शिपायाची आई. तिला दात नव्हते. रोडगा वरणात कुस्करून, भिजवून, ती सावकाश एकेक घास घेत होती. अध्यक्षांचं झालं. ते हात टेकून अर्धे उठले. त्यांच्यामागे सगळी पंगत अर्धी उठली.

"बसा साहेब," सर म्हणाले. "तिकडं एक पत्रावळ चालू हाये."

अध्यक्ष बसले. सगळे बसले. खरकटे हात मांडीवर धरून पन्नास माणसं एका म्हातारीचा रोडगा संपायची वाट बघत होती. तिला याचा पत्ता नव्हता. मध्ये तिनं थोडं तूप मागितलं. सरांनी आणून वाढलं आणि म्हणाले, "आजी, घाई नाही."

सरांची मुख्याध्यापक व्हायची संधी त्या तुपात बुडाली असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणत. सर म्हणत, "म्हातारी जेवली ना?"

आता या माणसाचा आणि जपानी चित्रकथांचा, म्हणजे मांगाचा, संबंध कसा आला ते सांगायला हवं. तो माझ्या मुलीमुळे आला. सई नववीत होती आणि सर निवृत्तीला टेकले होते. चित्रकलेच्या तासाला तिच्या वहीखाली एक जाडजूड पुस्तक सापडलं. पुण्याच्या मावसभावानं दिलेलं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. सरांनी जप्त केलं. आठवड्यानं मला बोलावणं आलं. मुलीच्या तक्रारीसाठी बापाला बोलावलंय असं समजून मी आधीच माफीचे दोन-तीन प्रकार तयार करून गेलो. सरांनी दार लावून घेतलं.

"बाबूजी, याचा दुसरा भाग तुमच्या घरी हाये का?"

तिथून सुरू झालं. सर त्यांना जपानी पोथ्या म्हणत. खाकी कव्हर घालून, भिंग घेऊन दारासमोरच्या ओट्यावर वाचत बसत. इंग्रजी अडलं तर सईला विचारत. राक्षसांचे किल्ले, उडती जहाजं, मंतरलेल्या तलवारी, सगळं त्यांना मनापासून आवडे. "काय रेघ हाये," म्हणत पानावर बोट फिरवत. पण चार-पाच भाग झाले की त्यांची चिडचिड सुरू होई.

"सई, हा पोरगा राक्षस माराले निघाला होता का नाही?"

"हो सर."

"मंग दर गावात एक पोरगी सोबत घेऊन राह्यला, ते कायले? आता पाच झाल्या. पाचही याच्याच मागं. पाचही एकमेकींवर फुगून बसल्या. हा कोणाले हो म्हणत नाही, कोणाले नाही म्हणत नाही. आणि राक्षस?"

"सर, याला हॅरेम म्हणतात. हा एक प्रकारच असतो."

"म्हंजे जनानखाना. जनानखान्यात निदान जेवण तरी टायमावर येत असन."

सरांना प्रेमातल्या चढाओढीचं वावडं होतं असं मात्र नाही. एका पोथीचं ते फार कौतुक करत. तीत दोन जादूगारणी एकाच तलवारबाजावर जीव लावून होत्या, आणि शहराची तटबंदी त्या दोघींनी मिळून म्हटलेल्या मंत्रावर उभी होती. दोघींचं बिनसलं की भिंतीला तडा जाई. "पाहा," सर म्हणत, "हे भांडण काढून टाक. भिंत पडतच नाही. गोष्टच होत नाही. म्हंजे हे भांडण पत्रावळीवर वाढेल हाये. आणि त्या दुसऱ्या पोथीतलं भांडण काढ. काहीच होत नाही. फक्त पुस्तक पातळ होते."

सई शिकली, बी.ए. झाली आणि एके दिवशी मला म्हणाली, "बाबा, मला एक वर्ष द्या. मला मांगा काढायचाय." मी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. घरात जे व्हायचं ते झालं. शेवटी तिच्या आईनं तोड काढली: एक वर्ष चित्रकथा काढायची, पण दिवाळीच्या आत ती पूर्ण झाली पाहिजे. पूर्ण झाली तर पुढे काय करायचं ते सईनं ठरवायचं. अर्धवट राहिली तर बी.एड. सईनं कबूल केलं. फॉर्म मी कपाटात ठेवला. दिसेल असा ठेवला, हे कबूल करतो.

तिची गोष्ट चांगली होती. एका गावाची नदी अजगर चोरून नेतो आणि गावातला एक मुलगा ती परत आणायला निघतो. वाटेत त्याला एक धनुर्धारी मुलगी भेटते, मग एक राजकन्या, मग औषधी जाणणारी एक मुलगी, मग एक अर्धी कोल्हीण असलेली मुलगी. एका अ‍ॅपवर ती दर आठवड्याला एक प्रकरण टाकायची. पहिले दोन महिने वाचणारे थोडे होते. मग एका प्रकरणात राजकन्या आणि कोल्हीण मुलावरून भांडल्या आणि खाली प्रतिक्रियांची रांग लागली. टीम राजकन्या, टीम कोल्हीण. पुढच्या आठवड्यात सईनं आणखी एक भांडण घातलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात धनुर्धारी मुलीलाही त्यात ओढलं. मुलगा लाजून लाल होई आणि गोष्ट पुढच्या आठवड्यावर जाई. गणपती आले, गेले. नवरात्र आलं. मुलगा नऊ प्रकरणं अजगराच्या गुहेच्या दारात उभा होता.

इथं मला आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. टीम राजकन्येच्या बाजूनं, खोट्या नावानं, सगळ्यात जास्त लिहिणारा माणूस मी होतो. बाप म्हणून मला गोष्ट दिवाळीच्या आत संपायला हवी होती आणि वाचक म्हणून राजकन्येचं काय होतं ते पाहायचं होतं. वाचकानं बापाला केव्हा खाली पाडलं ते कळलंच नाही.

सई वाळत चालली होती. अ‍ॅपवाल्यांचा निरोप आला होता, की चौघींची चढाओढ अशीच चालू ठेवली तर ते तिची गोष्ट पहिल्या पानावर घेतील. आणि गुहेत गेलं की चढाओढ संपणार. "संपवली तर वाचक जातील, नाही संपवली तर वर्ष जाईल," ती आईला म्हणाली. बायकोनं सरांना बोलावून घेतलं.

सर आले. ओट्यावर बसून सगळी प्रकरणं फोनवर भिंगातून वाचली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ड्रॉइंगचा मोठा कागद अंथरला आणि त्यावर पत्रावळींची एक रांग काढली. मुलगा, चौघी आणि टोकाला एक मोठी पत्रावळ, अजगराची. मग प्रत्येक प्रकरणात कोणाला काय वाढलं त्याचे ठिपके द्यायला लागले. मुलाची पत्रावळ ठिपक्यांनी भरली. चौघींच्या पत्रावळींत ठिपके पडले, पण सगळे लाल.

"लाल म्हंजे काय, सर?" सईनं विचारलं.

"लाल म्हंजे त्याच्यापायी. तो आला, लाजली. तो गेला, रडली. तो दुसरीशी बोलला, रुसली. हे तिचं जेवण नाही, हे त्याचं उष्टं. ही कोल्हीण पाहा. तिसऱ्या प्रकरणात बसली. कोणत्या रानातून आली, काय पाहिजे तिले, काही नाही. आणि हा," त्यांनी टोकाला बोट ठेवलं, "हा अजगर सकाळपासून पंगतीत बसून हाये. त्याले तर पाणी बी नाही दिलं."

मला हसू आलं. सईला आलं नाही. तिनं अजगराच्या पत्रावळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सर, एक बोलू का?"

"बोल ना."

"पंगतीत तुम्ही सगळ्यांना वाढता हे खरं. पण सगळ्यांना तेच वाढता. कोणाला काय पाहिजे ते विचारत नाही. ज्याला साखर आहे त्याच्या पत्रावळीवर पण जिलबी. मग माझ्या हिरोत आणि तुमच्यात फरक काय? तो एकीला पण विचारत नाही, तुम्ही पण नाही."

सरांनी कागदाची गुंडाळी केली, काखेत मारली आणि निघून गेले. जाताना चप्पल उलटसुलट घातली. मी सईला रागावलो. एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलतात का, वगैरे. सई म्हणाली, "बाबा, तुम्ही टीम राजकन्या आहात ना? मला माहीत आहे. शुद्धलेखन तुमचंच आहे."

दोन दिवस सर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आले आणि ओट्यावर न बसता सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बायको भाजी चिरत होती.

"वहिनी, एक इचारायचं राहून गेलं होतं. सव्वीस वर्सं झाले. त्या लग्नात मी बाबूजीले वापस पाठवलं होतं. तुमाले जिलबी पाहिजे होती का?"

बायकोनं चिरणं थांबवलं. मला वाटलं, आता पिवळ्या साडीचं निघणार. पण ती म्हणाली, "नाही सर."

"मंग काय पाहिजे होतं?"

"मले उठायचं होतं. पाय अवघडून गेले होते. पण तुम्ही कोणाले उठू देत नव्हते, सगळ्यांचं होईपर्यंत. आणि यांची जिलबी काही सरत नव्हती."

सर तिथंच उंबऱ्यावर बसले. पन्नास माणसांना खरकट्या हातांनी बसवून ठेवणारा माणूस. "हे मले कोणी सांगतलंच नाही," म्हणाले. मग, "मी इचारलं बी कुठं."

सई आतल्या दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि सरळ खोलीत गेली. त्या आठवड्याच्या प्रकरणात पहिल्यांदा भांडण नव्हतं. गुहेच्या दारात चौघी बसल्या आहेत, मुलगा मध्ये. कोल्हीण म्हणते, "मला उठायचंय." मुलगा विचारतो, माझ्यावर रागावलीस का. ती म्हणते, "नाही. माझे पाय अवघडलेत. मी तुझ्यामागे आलेच नव्हते. माझं रान या नदीवर होतं." आणि ती एकटीच गुहेत शिरते. तिच्यामागे औषधवाली, कारण आतून कोणाच्या तरी आजाराचा वास येत असतो. मग धनुर्धारी, कारण तिला सोबतिणीला एकटं पाठवायचं नसतं. सगळ्यात शेवटी राजकन्या आणि मुलगा, दोघं एकमेकांकडे बघत, की आपल्याला काय पाहिजे होतं बरं.

वाचक चिडले. निम्मे सोडून गेले. अ‍ॅपवाल्यांचा पुन्हा निरोप आला नाही. सई दोन दिवस फोन पालथा घालून बसली. मग पुढचं प्रकरण काढलं, आणि त्याच्या पुढचं. उरलेले वाचक भांडत नव्हते, पण दर आठवड्याला वाट पाहत होते. राजकन्येला मुलगा मिळाला नाही. त्यानं तिला तोंडावर नाही म्हटलं, पुरं एक प्रकरण घेऊन, नीट. मी टीम राजकन्या असूनही ते प्रकरण दोनदा वाचलं.

धनत्रयोदशीला शेवटचं प्रकरण गेलं. सरांनी ते ओट्यावर वाचलं. भिंग खाली ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"अजगर जेवला का?"

"जेवला सर," सई म्हणाली. "तहान लागली होती त्याला. म्हणून नदी नेली होती. त्याला कोणी विचारलंच नव्हतं."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि भिंग पुसलं. भिंग स्वच्छ होतं.

कपाटातला बी.एड.चा फॉर्म मी स्वतः काढून सईच्या हातात दिला. तिनं मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन गोष्टीतली एक म्हातारी काढली. तिला दात नव्हते.

पाडव्याला आम्ही जेवण ठेवलं. माझा भाऊ सहकुटुंब आला होता. टेबल-खुर्ची नको, बैठकीत पत्रावळी मांडू, असं मीच ठरवलं. सरांच्या मानासाठी. आणि सर आयुष्यात पहिल्यांदा पंगतीत बसले. सईनं हात धरून बसवलं. "मले उठता येणार नाही, गुडघे धरतात," म्हणाले. "आम्ही उठवू," सई म्हणाली.

वाढायला मी. या वेळी मी तयारीत होतो. जिलबीची परात घेतली, चेहऱ्याकडे न बघता, पत्रावळ पाहून वाढत गेलो. भावाला दोन. वहिनीला दोन. पोरांना दोन-दोन. सईला विचारलं, तिला एकच हवी होती, एकच वाढली. सरांना विचारलं, त्यांनी अर्धी मागितली. शेवटपर्यंत जाऊन मी परत फिरलो, पूर्ण रांग पुन्हा एकदा तपासली. एकही सुटली नव्हती. परात कमरेवर टेकवून मी सरांसमोर उभा राहिलो, शाबासकीसाठी. एवढ्या वर्षांनी.

सर रांगेवरून नजर फिरवत होते. मग त्यांनी मान वर केली आणि, जे ते कधी करत नसत, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, एक सुटली."

मी पुन्हा मोजल्या. सगळ्या भरलेल्या. आतून तेलाचा चर्र आवाज आला, कारण पुऱ्या संपत आल्या होत्या आणि बायको नवीन घाणा टाकत होती.

सर आता सोनाळ्याला बहिणीकडे राहतात. सईच्या नवीन गोष्टीची प्रकरणं फोनवर मागवून घेतात आणि ठिपके काढलेले कागद पोस्टानं पाठवतात. ठिपक्यांखाली हल्ली एक प्रश्न लिहिलेला असतो, हे इचारलं का?

पाडव्याच्या त्या दिवशी मी धावत आत गेलो होतो. कपाटातून पत्रावळ काढली, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्याउभ्याच बायकोपुढे धरली आणि म्हणालो, चल बस, मी पुऱ्या तळतो. बायको बसली नाही. पाहुणे गेल्यावर, सगळ्या पत्रावळी गोळा करून झाल्यावर, हात पुसत म्हणाली,

"त्या लग्नात निदान माही पत्रावळ तरी मांडेल होती."